विश्लेषण : युद्धनौका पाहायची तर जायचे कुठे? ‘विक्रांत’ का वाचली नाही आणि आता काय उरले आहे?

गणेशोत्सव संपला की पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर परिसरातील गणपतीच्या कारखान्यांना थोडी उसंत मिळते. दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी सहलीचे बेत ठरतात आणि डिसेंबरमध्ये शाळांच्या सहली निघतात. ४ डिसेंबरला नौदल दिन असल्यामुळे याच सुमारास मुलांच्या मोबाइलवर युद्धनौकांचे व्हिडीओ फिरू लागतात आणि ‘आपल्याला खरीखुरी युद्धनौका बघायला मिळेल का’ हा प्रश्न येतो. या मुलांच्या आईवडिलांपैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत मुंबईत ‘विक्रांत’ पाहिलेली असते. मुलांना मात्र ती दाखवता येत नाही, कारण ती भंगारात गेली. असे का झाले, दुसऱ्या नौका कशा वाचल्या आणि जोह्यातून निघाल्यास आज काय पाहता येते, याविषयी.

‘विक्रांत’ एवढी महत्त्वाची का?

‘आयएनएस विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३मध्ये ब्रिटनमध्ये ‘एचएमएस हर्क्युलिस’ या नावाने तिची बांधणी सुरू झाली. १९४५मध्ये तिचे जलावतरण झाले, पण तोवर युद्ध संपले होते आणि नौका अर्धवटच राहिली. भारताने ती १९५७मध्ये विकत घेतली, पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे २१३ मीटर आणि पूर्ण भारासह वजन जवळपास साडेएकोणीस हजार टन. मोठ्या मैदानावर चार-पाच मजली इमारती उभ्या कराव्यात आणि ते सगळे पाण्यावर तरंगवावे, असा तो पसारा होता.

१९७१च्या युद्धात ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या चारपैकी एका बॉयलरमध्ये दोष होता. विमानवाहू नौकेसाठी ही गोष्ट साधी नसते. डेकवरून विमान उडवताना समोरून जोराचा वारा लागतो आणि तो मिळवण्यासाठी नौका वेगाने पळवावी लागते. बॉयलर कमी म्हणजे वाफ कमी आणि वाफ कमी म्हणजे वेग कमी. तरीही तिच्यावरील ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाव परिसरात हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची सागरी कोंडी करण्यात तिचा मोठा वाटा होता. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली.

संग्रहालय होऊनही ती भंगारात का गेली?

निवृत्तीनंतर तिचे संग्रहालय करायचे ठरले आणि २००१पासून ती मुंबईत लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. मात्र ती वर्षभर नव्हे, तर ठरावीक काळापुरती खुली असे. कायमस्वरूपी संग्रहालय चालवण्यासाठी राज्य सरकारला खासगी भागीदार मिळाला नाही. नौका पाण्यातच उभी होती आणि तिचा सांगाडा कमजोर होत होता. अखेर २०१२मध्ये सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झाले.

पुढे गोष्टी वेगाने घडल्या. लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना ती विकली गेली. ती वाचवण्यासाठी जनहित याचिका झाली, पण जानेवारी २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. मे महिन्यात नौका नौदल गोदीतून दारूखान्यात नेण्यात आली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही निर्णय तिच्या विरोधात गेला आणि नोव्हेंबर २०१४मध्ये ती तोडायला सुरुवात झाली.

तिचे काही लोखंड बजाज कंपनीने ‘व्ही’ या मोटारसायकलीसाठी वापरले. मुंबईत फोर्टमध्ये लायन गेटसमोर तिच्याच धातूतून केलेले स्मारक २०१६मध्ये उभारण्यात आले. ज्या नौकेवर हजारो लोक चढले, तिची मुंबईतील खूण आता एका वाहतूक बेटावर मावते.

‘विराट’चेही तेच का झाले?

‘आयएनएस विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका. ब्रिटिश नौदलात ‘एचएमएस हर्मिस’ या नावाने ती १९५९पासून होती आणि १९८२च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. १९८७मध्ये ती भारतात आली आणि ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली.

‘विक्रांत’चा अनुभव गाठीशी असल्यामुळे या वेळी योजना मोठी आखली गेली. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवती रॉकजवळ ‘विराट’चे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. तो प्रकल्प प्रत्यक्षात आला नाही. सप्टेंबर २०२०मध्ये नौका मुंबईहून गुजरातमधील अलंगला ओढत नेण्यात आली. तिच्या भंगाराचा भाव होता साडेअडतीस कोटी रुपये. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली, पण तोवर उशीर झाला होता. नौकेचा बराच भाग आधीच तोडला गेला असल्याने एप्रिलमध्ये याचिका फेटाळली गेली.

मंजूर झालेला प्रकल्पखर्च ८५२ कोटी आणि भंगाराची किंमत ३८ कोटी. या दोन आकड्यांमधील अंतरातच नौका जतन करण्याचा सगळा प्रश्न आहे.

एवढा खर्च येतो तरी कशाचा?

याचे उत्तर कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही अर्धे ठाऊक असते. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडले जातात, डागडुजी होते, नवा रंग चढतो. हे दरवर्षी केले नाही तर होडी फार टिकत नाही.

युद्धनौकेलाही हेच लागते. फरक एवढाच की वीस हजार टनांची नौका वाळूवर ओढता येत नाही. तिला सुक्या गोदीत न्यावे लागते. म्हणजे मोठ्या हौदासारख्या गोदीत नौका आत घ्यायची, दार बंद करायचे आणि पाणी उपसायचे. तेव्हाच तिचा तळ उघडा पडतो. एवढ्या मोठ्या गोद्या देशात मोजक्या आहेत आणि सेवेतील नौकांनाच त्या पुरत नाहीत. निवृत्त नौकेचा नंबर शेवटी लागतो.

दुसरी गोष्ट गंजाची. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असले की ही क्रिया वेग घेते, कारण खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. सर्वांत जास्त झीज पाण्याच्या पातळीलगतच्या पट्ट्यात होते. तिथे लाटेमुळे पत्रा सतत ओला-कोरडा होत राहतो. उपाय म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. लोखंडाऐवजी आधी जस्त झिजते आणि पत्रा वाचतो. पण ठोकळे संपले की ते बदलावे लागतात. सेवेतील नौकेवर शेकडो खलाशी रोज खरवडणे, रंगवणे, तेल देणे ही कामे करत असतात. निवृत्तीच्या दिवशी ते सगळे उतरून जातात, समुद्र मात्र तिथेच असतो.

त्यात पर्यटकांसाठी वीज, वायुवीजन, अग्निशमन, जिने, संकटकाळी बाहेर पडण्याचे मार्ग आणि विमा यांची भर पडते. हा खर्च एकदाच होऊन संपत नाही. दरवर्षी तो करावा लागतो. ‘विक्रांत’ अडली ती इथेच.

मग इतर नौका कशा वाचल्या?

जगभरात नौका जतन करण्याच्या चार पद्धती दिसतात.

पहिली, नौका पाण्यात तरंगती ठेवायची. लंडनमध्ये थेम्स नदीत ‘एचएमएस बेलफास्ट’ १९७१पासून अशीच आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘इंट्रेपिड’ आणि सॅन दिएगोत ‘मिडवे’ या विमानवाहू नौका अशाच उभ्या आहेत. ही पद्धत दिसायला सर्वांत सुंदर आणि खर्चाला सर्वांत जड. अमेरिकेतील ‘टेक्सास’ ही युद्धनौका १९४८पासून संग्रहालय आहे. तिच्या तळातून इतकी गळती होऊ लागली की २०२२मध्ये ती दुरुस्तीसाठी गोदीत हलवावी लागली.

दुसरी, कायम सुक्या जागी ठेवायची. पोर्ट्समथमधील ‘एचएमएस व्हिक्टरी’ १९२२पासून सुक्या गोदीत आहे. जपानमधील योकोसुका येथे ‘मिकासा’चा तळ चक्क काँक्रीटमध्ये पक्का केला आहे.

तिसरी, किनाऱ्यावर आणून ठेवायची. ही भारतात सर्वाधिक यशस्वी ठरली आहे. विशाखापट्टणमची ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी २००१मध्ये निवृत्त झाली आणि २००२मध्ये रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उघडली. समुद्रातून तिला वाळूवर अंतिम जागी आणायला दीड वर्ष आणि सुमारे साडेपाच कोटी रुपये लागले. पण एकदा बाहेर आल्यावर तळाला खाऱ्या पाण्याचा सततचा त्रास राहिला नाही. तिचे वजन सुमारे दोन हजार टन, म्हणजे ‘विक्रांत’च्या दहावा भाग. म्हणून हे जमले.

चौथी, मुद्दाम बुडवायची. आतील तेल, तारा, घातक पदार्थ काढून नौका समुद्रतळावर बसवली की तिच्यावर प्रवाळ आणि मासे वस्ती करतात आणि पाणबुडे ती पाहायला जातात. ‘विराट’ जिथे जाणार होती, त्याच निवती रॉक परिसरासाठी महाराष्ट्राने आता हा मार्ग निवडला आहे. १९८५ ते २०२४ सेवेत असलेली ‘आयएनएस गुलदार’ ही सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका २०२५मध्ये यासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. तिची लांबी सुमारे ८४ मीटर आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. भारतात लहान नौका वाचतात, मोठ्या वाचत नाहीत. लहान नौका नगरपालिका किंवा जिल्हा प्रशासनालाही पेलते. मोठ्या नौकेसाठी पन्नास वर्षे पैसे देत राहणारा कोणीतरी लागतो.

जोह्यातून निघाल्यास काय पाहता येते?

कल्याण : सर्वांत जवळचा पर्याय. हमरापूर किंवा पेण स्थानकातून मेमूने दिव्याला जायचे आणि तिथून कल्याणची लोकल पकडायची. दुर्गाडी किल्ल्याजवळच्या खाडीकिनाऱ्यासाठी नौदलाची निवृत्त ‘टी-८०’ ही वेगवान गस्ती नौका निवडण्यात आली. उथळ पाण्यात चालणारी ही छोटी नौका १९९८मध्ये नौदलात आली होती. जागेची निवड अर्थपूर्ण आहे. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमार बांधायला सुरुवात केली. निघण्यापूर्वी ती पाहण्यासाठी खुली आहे का आणि वेळ काय, हे विचारून घ्यावे.

मुंबई : नौदल दिनाच्या आसपास काही दिवस नौदल आपल्या सेवेतील नौका विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना दाखवते. तारखा वृत्तपत्रांतून जाहीर होतात. छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ हवे. इथे संग्रहालय नव्हे, तर कामावर असलेली नौका दिसते आणि माहिती देणारे खलाशी त्याच नौकेवर राहत असतात. वर्षातून एकदाच मिळणारी ही संधी शाळांनी आधी पत्रव्यवहार करून साधावी. त्याच फेरीत लायन गेटचे ‘विक्रांत’ स्मारक आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सागरी वारशाचे दालन पाहता येते.

अलिबाग : इथे पोलादी नौका नाही, पण आरमार आहे. पेणहून साधारण ३० किलोमीटरवर कुलाबा किल्ला आणि गावात सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, त्यामुळे भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे. मुंबईतील नौदलाच्या तळाचे नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे ते याच कान्होजींवरून. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी ‘विक्रांत’ सेवेत आली, त्याच दिवशी नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजावरील अष्टकोनही शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे.

गोवा : रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि तिने मडगाव गाठता येते. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८पासून आहे. ‘विक्रांत’वरून उडणारी ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ ही विमाने इथे आहेत, ‘विराट’वरचे ‘सी हॅरियर’ही आहे. दोन्ही नौका गेल्या, त्यांची विमाने मात्र राहिली. ज्यांना मुलांना ‘विक्रांत’ दाखवायची होती, त्यांच्यासाठी तिच्या सर्वांत जवळ नेणारी जागा हीच. सोमवारी संग्रहालय बंद असते.

कारवार : त्याच रेल्वेमार्गावर पुढे. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, महामार्गाला लागूनच ‘आयएनएस चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका २००६पासून उभी आहे. १९७१मध्ये कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या नौकांच्याच कुळातील, पण नंतरची सुधारित आवृत्ती. शेजारी ‘टुपोलेव्ह-१४२’ हे लांब पल्ल्याचे टेहळणी विमानही ठेवले आहे.

दीव आणि विशाखापट्टणम : हे लांबचे बेत. दीवला २०२१मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस खुकरी’ आहे. याच नावाची आधीची नौका ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्यांचे स्मारकही दीवमध्येच आहे, म्हणून तिथे नौका पाहणे म्हणजे केवळ सहल राहत नाही. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ आणि समोरच ‘टुपोलेव्ह’ विमानाचे संग्रहालय असे दोन्ही एका दुपारी होते.

नौकेवर चढल्यावर पाहायचे काय?

बहुतेक जण तोफेजवळ फोटो काढतात आणि उतरतात. थोडे थांबले तर बरेच दिसते.

‘चपळ’वर नौकेच्या आकाराशी क्षेपणास्त्रांच्या नळकांड्यांची तुलना करावी. ३८-३९ मीटरची बोट आणि तिच्यावर एवढी मोठी अस्त्रे. मग इंधनाला जागा किती उरत असेल? या प्रश्नातच १९७१च्या मोहिमेची गंमत आहे. पल्ला कमी असल्याने अशा बोटी दुसऱ्या नौकांनी काही अंतर ओढत नेल्या आणि ज्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी होत्या, त्या शत्रूच्या बंदरावर हल्ल्यासाठी वापरल्या.

‘कुरसुरा’त ९१ मीटर लांबीच्या नळीत ७५ माणसे कशी राहत असतील ते पाहावे. झोपण्याच्या फळ्या मोजाव्यात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून वाकून जावे लागते. ते दार एवढे लहान का, तर पाणी शिरलेच तर चटकन बंद करता यावे म्हणून. इथे माहिती देणाऱ्यांत निवृत्त नौसैनिक आहेत. त्यांना शस्त्रांपेक्षा रोजच्या जगण्याबद्दल विचारावे. पाणी किती मिळायचे, जेवण काय असायचे, घरी पत्र कधी जायचे?

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी पाणबुडीत उतरण्यापूर्वी विचार करावा. नौकेवरचे जिने जवळपास उभे असतात, ते शिडीकडे तोंड करूनच उतरावेत. उंबरठे उंच असतात, त्यामुळे लहान मुलांचा हात धरावा. चप्पल न घालता पकड असलेले बूट घालावेत. दुपारच्या उन्हात पोलादी डेक तापतो, शक्यतो सकाळी जावे. सेवेतील नौकेवर मोबाइल आणि छायाचित्रणाबाबत जे सांगितले जाईल ते पाळावे.

तिकीट काढून काय फरक पडतो?

तिकिटाच्या पैशांवर एकही युद्धनौका पूर्णपणे चालत नाही, हे खरे. पण संग्रहालयाला माणसे येतात की नाही, यावर पुढच्या वर्षीच्या रंगकामाचा आणि डागडुजीचा निधी मागता येतो. ‘विक्रांत’ वर्षातले मोजकेच दिवस खुली असे. वर्षभर येणारा प्रेक्षक तयारच झाला नाही आणि ती वाचवण्याची वेळ आली तेव्हा आर्थिक हिशेब तिच्या बाजूने मांडता आला नाही.

नौदलाच्या आणखी नौका येत्या काळात निवृत्त होतील आणि प्रत्येकीच्या वेळी हाच प्रश्न येईल. ‘विक्रांत’ आणि ‘विराट’ या दोन्ही वेळी लोकांचा आवाज उठला, पण नौका वाचल्या नाहीत. ज्या नौका आज उभ्या आहेत, त्याही दरवर्षी थोड्या थोड्या झिजत आहेत. यंदाच्या सुट्टीत अलिबाग किंवा गोवा ठरलेच असेल, तर एक दिवस वाढवून बोगमाळो किंवा कारवार गाठायला हरकत नाही.